दादाची अंघोळ

टिकावरावांनी गाडीच्या उघड्या दाराकडे पाठ केली, उकिडवे बसले आणि मागे न बघताच दोन्ही हात मागे नेले.

"घाला गळ्यात हात," ते म्हणाले.

गाडीतल्या म्हाताऱ्याने हात घातले नाहीत. दुसरी काही सोय नाही का, अशा नजरेने तो आपल्या मुलाकडे बघत राहिला. दुसरी सोय नव्हती. गाडी नाल्याच्या अलीकडे थांबली होती, नाल्यावर एक फळी टाकलेली होती, आणि फळीच्या पलीकडे, थोड्या चढावर, बाईंचं घर होतं. शेवटी मुलानेच बापाचे हात धरून टिकावरावांच्या गळ्यात अडकवले. टिकावराव गुडघ्यावर जोर देऊन उठले, म्हाताऱ्याला एकदा पाठीवर नीट उसळवून घेतलं आणि फळीवर पाय ठेवला.

बाई दारात उभं राहून बघत होत्या. ज्याचं तोंड जन्मात बघणार नाही असं त्यांचा भाऊ म्हणाला होता, त्याच माणसाच्या पाठीवर बसून तो येत होता. आणि तोंड खरोखरच त्याला दिसत नव्हतं, नुसती मान दिसत होती. एरवी बाईंना याचं हसू आलं असतं. पण सकाळपासून त्यांचे गुडघे ठणकत होते आणि हसण्याइतकंही अंगात काही उरलं नव्हतं. त्या बाजूला झाल्या. टिकावरावांनी ओझं आतल्या खोलीतल्या कॉटवर अलगद उतरवलं.

भाचा पिशवी घेऊन मागोमाग आला. घराचं काम काढलंय, सगळीकडे धूळ, त्यात बाबांच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे आत्या, असं तो पुन्हा एकदा म्हणाला. हे सगळं तो फोनवरही बोलला होता. फोन बाईंनी उचलला असता तर नाही म्हणाल्या असत्या. पण तो टिकावरावांनी उचलला आणि "आणा की" म्हणून ठेवूनही दिला. बाईंना विचारायचं राहिलंच, असं नंतर म्हणाले.

भाच्याने चहा अर्धा टाकला आणि तो गेला. बाई भावाच्या खोलीत न जाता स्वयंपाकघरात गेल्या.

टिकावराव हे त्यांचं नाव नव्हे. जन्मभर विहिरी खणल्या, पाये खणले, चर खणले, म्हणून कुठल्याशा मुकादमाने तरुणपणीच त्यांना 'टिकाव' म्हणायला सुरुवात केली होती. पुढे शाळेतल्या बाईंशी लग्न झालं, तेव्हा बाईंच्या नवऱ्याला नुसतं टिकाव कसं म्हणायचं, असं लोकांना वाटू लागलं आणि त्यांनी शेपटीला 'राव' जोडलं. बाईंना तर सगळं गाव बाईच म्हणे. नवराही बाईच म्हणे. पहिल्या दिवशी जी हाक तोंडात बसली ती बदलायचं त्याला कधी कारण पडलं नाही.

तो पहिला दिवस शाळेच्या आवारातला. विहीर आटली होती आणि खोल करायची होती. बाई नुकत्याच नोकरीवर आलेल्या. बाहेर टिकावाचे ठोके आणि आत पाढे. होता होता पोरं ठोक्यांच्या तालावर पाढे म्हणू लागली. बाई तणतणत विहिरीवर गेल्या आणि शाळा सुटेपर्यंत काम बंद ठेवा म्हणून मुकादमाला बजावून आल्या. मुकादमाने माणसं दुसऱ्या कामावर हलवली, सुटी माती गोळा करायला तेवढा एक जण खाली ठेवला. मधल्या सुटीत बाई काठावर गेल्या तर तो तळाशी दंड उशाला घेऊन गाढ झोपलेला.

"वर्गात झोपणारे पुष्कळ बघितलेत," बाई वरून म्हणाल्या, "विहिरीत झोपणारा पहिलाच."

"बाई, काम तुम्हीच बंद ठेवलंय," खालून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. विहिरीला पाणी लागलं तोवर दोघांचं ठरलं होतं.

दादाचा संताप झाला तो समजण्यासारखा होता, असं बाई तेव्हाही म्हणत. वडील लवकर गेले. दादाने स्वतःचं शिक्षण अर्धवट टाकलं, कचेरीत कारकून म्हणून चिकटला आणि बहिणीला शिकवलं. कॉलर विरली की उलटी करून शिवून घेई आणि तोच शर्ट पुन्हा घाली, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बहीण शिक्षिका झाली तेव्हा कचेरीतल्या लोकांनी केलेलं कौतुक त्याने पेढ्यांसारखं घरी आणलं आणि ते पुष्कळ दिवस पुरवून पुरवून सांगितलं. कचेरीतलाच एक मुलगाही त्याने तिच्यासाठी हेरून ठेवला होता. आणि बहिणीने पसंत केला तो माती उपसणारा. दादा एकदाच आला. अंगणात उभा राहिला. पाण्याचा तांब्या पुढे केला तो घेतला नाही. "मी तुला शिकवलं ते यासाठी?" एवढं विचारून, त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही आणि तू मला मेलीस, असं म्हणून आल्या पावली परत गेला.

हेही बाई पचवू शकल्या असत्या. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो आणि मग वर्षा-दोन वर्षांनी विरघळतो. त्या वाट बघत होत्या. तेवढ्यात मुलगी झाली, आणि ती जेमतेम चालायला लागली असेल नसेल तेव्हा तिला ताप भरला. गावातल्या डॉक्टरने मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. मोठा दवाखाना दादाच्या शहरात. पोहोचले तेव्हा संध्याकाळ उलटून गेली होती. खाट रिकामी नाही, सकाळी आणा, असं तिथल्या माणसाने सांगितलं. मुलीला रात्रभर आडवं करायला एक छप्पर पाहिजे होतं, बाकी काही नको होतं. बाई मुलीला घेऊन कोपऱ्यावर थांबल्या आणि टिकावराव दादाच्या दारात गेले. वहिनीने दार किलकिलं केलं. हे घरी नाहीत, म्हणाली. टिकावराव परत आले आणि म्हणाले, घरी नाहीत. आणखी काही म्हणाले नाहीत. बसस्थानकाच्या बाकावर, गार वाऱ्यात, त्यांनी मुलीला दोघांच्या मध्ये धरलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात खाट मिळाली, पण मुलगी राहिली नाही.

दारात चपला होत्या, हे टिकावरावांनी सांगितलं ते फार पुढे, नंतर झालेला मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा. बाईंनी खोदून खोदून विचारलं म्हणून. पुरुषाच्या चपला, दाराच्या आत, जोडीने ठेवलेल्या. तेव्हापासून बाईंनी वाट बघायचं सोडलं. भावजय वारल्याचं कळलं तरी त्या गेल्या नाहीत.

आणि आता तो माणूस त्यांच्या घरात, त्यांच्या कॉटवर, त्यांच्याच उशीला टेकून पडला होता.

पहिले काही दिवस दादाने अंगाला हात लावू दिला नाही. पुसून घेतो म्हणायचा आणि पुसायचा नाही. खोलीला वास मारायला लागला. एका सकाळी टिकावरावांनी काही न बोलता चुलीवर पातेलंभर पाणी चढवलं, मोरीत प्लॅस्टिकचं स्टूल नेऊन ठेवलं, मग आत जाऊन त्याला उचललं आणि स्टुलावर आणून बसवलं. दादा हातपाय झाडत होता. पण झाडून झाडून झाडणार किती! आयुष्यभर ओली माती वर चढवलेले हात होते ते, म्हातारे झाले तरी.

मोरीतून दादाचा आवाज येत राहिला. तो टिकावरावांशी बोलत नव्हता. तो स्वयंपाकघराकडे तोंड करून बहिणीला सांगत होता.

"त्याला सांग, पाणी फार कढत आहे."

टिकावराव वीतभर अंतरावर तांब्या घेऊन उभे. बाईंनी काही सांगितलं नाही. थोड्या वेळाने थंड पाणी ओतल्याचा आवाज आला.

असं रोज चाललं. बाई ताट वाढून खोलीत ठेवत आणि परत येत. दादा काही विचारी तेवढ्याचं उत्तर देत. गोळ्या कुठे आहेत, उशाला आहेत. फोन आला होता का, नाही आला. दोन-तीन आठवडे कधीच होऊन गेले. भाचा फोन उचलत नव्हता, उचलला तर घराचं काम म्हणजे कसं लांबतं ते सांगत होता. बाईंना वाटायचं, निवृत्त झाल्यावर निदान दुपारचं पडता येईल. जन्मभर फळ्यापुढे उभं राहून गुडघे गेले होते, ओरडून ओरडून घसा कायमचा बसला होता. आता दुपारी पाठ टेकली की आतल्या खोलीतला खोकला ऐकू यायचा. झोप लागायची नाही, आणि लागली नाही म्हणून जाग्याही राहायच्या नाहीत. मधल्यामध्ये कुठेतरी पडून असायच्या.

एक दिवस टिकावराव अंगणात फाटकाचं बिजागर ठोकत बसले होते आणि बाई पायरीवर भाजी निवडत होत्या. आतून हाक आली.

"दाजी."

टिकावराव ठोकत राहिले.

"अहो दाजी."

"तुम्हाला हाक मारतोय," बाई म्हणाल्या.

"मला?"

टिकावरावांनी चक्क मागे वळून बघितलं, आणखी कोणी आलंय का म्हणून. मग हातोडी खाली ठेवली, कोरडेच हात मांडीला पुसले आणि आत गेले. त्यांना कोणी दाजी म्हणावं असं माणूस जगात एकच होतं, आणि ते आज म्हणालं होतं. बाईंनी मान वर केली नाही. त्यांची सुरी एका देठावर थांबली होती.

त्यानंतर दोघांचं जमलं. कसं जमलं ते बाईंना कळलं नाही, कारण जमताना त्या तिथे नव्हत्या. टिकावरावांनी कुठूनतरी पत्त्यांचा जोड आणला. दादा पत्त्यांत लबाडी करायचा, ती टिकावरावांना दिसायची, आणि दिसली हे दादाला कळायचं. त्यावर दोघे हसायचे. दाजी त्याला खांद्याचा आधार देऊन खोलीतल्या खोलीत चालवत, "आणखी एक, आणखी एक" म्हणत. हळूहळू दादा काठी टेकून मोरीपर्यंत यायला लागला. अंघोळीच्या वेळी तो आता थेट बोलायचा. जरा वर चोळा. हां, तिथे. मोरीतून दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकू यायच्या. बाई चहा घेऊन गेल्या की खोली गप्प व्हायची, वर्गात शिरल्यावर व्हायची तशी. ती शांतता बाईंच्या चांगल्या ओळखीची होती. वर्गात त्यांना तिचा अभिमान वाटायचा.

एका दुपारी दादा झोपल्यावर त्या अंगणात आल्या. टिकावराव भिंतीच्या सावलीत बसले होते.

"त्या दिवशी दाराशी तुम्ही उभे होतात," बाई म्हणाल्या. "चपला तुम्ही बघितल्यात. मी नाही."

टिकावरावांना कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही.

"हो."

"मग?"

त्यांनी पाय सावलीत ओढून घेतले. बाई उभ्याच होत्या.

"म्हातारा माणूस आहे," ते म्हणाले. "अंघोळ नाही घातली की वास येतो. घातली की जातो."

"मी वासाचं विचारत नाहीये."

"मला तेवढंच कळतं, बाई." मग थांबून म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा. मी तुम्हाला सोडून द्या म्हणत नाही."

बाई आत आल्या. इतकी वर्षं हा राग त्यांनी एकटीसाठी धरला नव्हता. अंगणात अपमान झाला तो त्यांच्या नवऱ्याचा. दारातून परत फिरला तो त्यांचा नवरा. त्याच्या वाटणीचं रागावणंही आपणच केलं पाहिजे, तो साधा माणूस आहे, असं धरून त्या चालल्या होत्या. आणि आता तो आपली वाटणी केव्हाच कुठेतरी ठेवून मोकळा झाला होता, पत्ते पिसत होता, आणि सगळं ओझं एकट्या बाईंकडे राहिलं होतं. त्या बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर बसल्या. मुलाला फोन करावा असं वाटलं. पण तो लांबच्या कारखान्यात दिवसपाळीला असणार, आणि त्याला मामा म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. त्याला काय सांगायचं?

त्यांनी भाच्याला फोन लावला. त्याने घराच्या कामाचं काढलं तसं त्यांनी त्याला मध्येच तोडलं. मागच्या बाकावरच्या पोराशी बोलायचा आवाज त्यांनी पुष्कळ दिवसांनी काढला. या रविवारी येऊन घेऊन जा, म्हणाल्या. भाचा घुटमळला. मग म्हणाला, घरी तर जमणार नाही, पण म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणारी एक जागा बघून ठेवली आहे, चांगली आहे, डॉक्टर येतो. कुठे ठेवायचं ते तुझं तू बघ, बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

घर लहान होतं. फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं. त्या संध्याकाळी आतल्या खोलीत पत्ते पिसल्याचा आवाज आला नाही. टिकावरावांनी विषय काढला नाही. दादाने एवढंच विचारलं, गाडी किती वाजता येणार आहे. तयार राहायला बरं.

रविवारी सकाळी बाई उठल्या तेव्हा चूल पेटलेली होती, पातेल्यातलं पाणी वाफाळत होतं आणि टिकावराव स्वयंपाकघराच्या जमिनीवर उताणे पडले होते.

"काय झालं?"

"बादली उचलायला वाकलो. कंबरेत उसण भरली."

बाईंनी त्यांना उठवायला हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. कुशीवर वळता येत नाही म्हणाले, बसायचं तर नावच काढू नका. बाईंनी उशी आणून डोक्याखाली दिली, पांघरूण घातलं. शेक देऊ का विचारलं. नको म्हणाले, पडून राहिलं की उतरेल.

"मग त्याची अंघोळ?"

टिकावराव छताकडे बघत होते. "बिनअंघोळीचा पाठवा. तिथे घालतीलच कोणीतरी."

बाई बाह्या वर सारून आतल्या खोलीत गेल्या. दादा कॉटवर काठी धरून तयार बसला होता. पिशवी भरलेली होती, वाटेत घालायचे कपडे खुर्चीवर घडी करून ठेवलेले होते. बहिणीला दारात बघून त्याने तिच्या मागे नजर टाकली.

"दाजी?"

"कंबर धरलीय त्यांची. चल."

"राहू दे मग आज."

"चल म्हटलं ना."

तो उठला. काठीवर एक हात आणि बाईंच्या खांद्यावर एक, असे दोघे मोरीपर्यंत गेले. खांद्यावरचा हात हलका होता. तो भार टाकत नव्हता. बाईंना तेही नकोसं झालं. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं, शर्ट काढला, तोंड भिंतीकडे वळवलं. पाणी हाताने बघितलं आणि पहिला तांब्या खांद्यावर ओतला. दादाने पाणी कढत आहे की गार आहे ते सांगितलं नाही. त्यांनी साबण घेतला आणि पाठीला लावायला सुरुवात केली. हाडं हाताला लागत होती. फळा पुसावा तशा त्या वरून खाली हात फिरवत होत्या, लवकर आवरायचं म्हणून.

"मान खाली घे," त्या म्हणाल्या. "डोकं भिजवते."

त्याने मान खाली घातली. बाईंनी डोक्यावर पाणी ओतलं आणि विरळ पांढरे केस डोक्याला चिकटले. तेव्हा त्यांना मागच्या बाजूला, मानेच्या वर, दोन भोवरे दिसले. एकाशेजारी एक. एक सरळ फिरणारा, एक उलटा. दोघांच्या मधले केस कुठे जावं ते न कळून उभे राहिलेले.

बाईंचा हात आपणहून तिथे गेला. ओल्या तळव्याने त्यांनी ते केस खाली दाबले. तळवा उचलला तसे ते पुन्हा उभे राहिले. त्यांनी पुन्हा दाबले. हे असं दाबणं हाताला पाठ होतं. रोज सकाळी, मांडीवर पालथं घेऊन, न्हाऊ घालून झाल्यावर. पुसले, विंचरले, टोपडं घातलं तरी टोपडं काढल्यावर पुन्हा उभेच. लहान होती, डोक्यावर केस ते किती, पण ते तेवढे मात्र कधी बसले नाहीत. टिकावराव म्हणायचे, राहू द्या बाई, तिच्या मनात नाही. एवढं सगळं आठवत होतं. पण हे भोवरे कोणाचे, ते कधी कळलं नव्हतं. नवऱ्याच्या डोक्यावर नव्हते, स्वतःच्या डोक्यावर नव्हते. दादाचं डोकं असं वरून बघायची वेळच आली नव्हती. लहानपणी तो उंच होता, आणि ती त्याच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हती.

तांब्या पातेल्याच्या कडेला टेकला आणि तिथेच राहिला.

"पाणी संपलं का?" दादाने भिंतीकडे बघतच विचारलं.

"नाही."

बाईंनी तांब्या भरला, पण ओतला नाही.

"ती तुझ्यावर गेली होती, दादा," त्या म्हणाल्या.

त्याने कोण म्हणून विचारलं नाही.

मग दादाने दोन्ही हातांची ओंजळ करून मागे न बघता बाजूला धरली. बाईंनी तिच्यात पाणी घातलं. त्याने ते तोंडावर मारलं आणि ओंजळ तशीच तोंडावर ठेवली. बोटांतून पाणी गळून गेलं, कोपरांवरून खाली गेलं, तरी हात निघाले नाहीत. पाठ हलत होती. बाई त्याच्या पाठीवर पाणी ओतत राहिल्या, हळूहळू, एकेक तांब्या, पातेलं खरवडेपर्यंत. साबण केव्हाच निघून गेला होता.

अंग पुसून त्यांनी त्याला टिकावरावांचा एक जुना शर्ट घातला, खाली चादर गुंडाळली, आणि कॉटवर नेऊन बसवलं. या वेळी खांद्यावर त्याचा सगळा भार होता. गुडघ्यात कळ आली ती त्यांनी ओठ आवळून जाऊ दिली. ते दोघे बोलणारे कधीच नव्हते; लहानपणीही भांडण मिटलं की दादा तिची पाटी पुसून द्यायचा, एवढंच.

बाईंनी खुर्चीवरचे घडी केलेले कपडे उचलले. मग पिशवी उघडली आणि तिच्यातलेही काढले. शर्ट, पायजमे, स्वेटर, होतं नव्हतं ते सगळं. मोरीत जाऊन बादलीत टाकलं, वर साबणाची पूड टाकली, नळ सोडला आणि हाताने सगळं खाली दाबलं. स्वेटर शेवटी बुडाला.

नाल्याच्या पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. थोडं थांबून पुन्हा वाजला.

बाई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. टिकावराव सकाळपासून होते तसेच पांघरुणात पडले होते, डोळे उघडे.

"त्याला सांगा," बाई म्हणाल्या, "कपडे ओले आहेत म्हणावं."

"सगळे?"

"सगळे."

"वाळतील केव्हा, विचारेल तो."

"सध्या ऊन कुठे असतं?" बाई म्हणाल्या, आणि खिडकीतून आलेलं ऊन टिकावरावांच्या पांघरुणावर पडलं होतं त्याला वळसा घालून त्यांनी चुलीत लाकूड सारलं. सगळ्यांचाच चहा राहिला होता.

मागे पांघरूण बाजूला सरल्याचा आवाज आला. टिकावराव उठले, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि उतारावरून फळीकडे चालू लागले. नेहमी चालत तसे, थोडे वाकून. त्याहून जास्त नाही.